वरची फांदी

पाने एकूण तेवीस. त्यांतली बारा कडेने करपलेली: नऊ वरच्या फांदीवर, तीन खाली. वरची फांदी शेंड्यापासून सहा सेंटिमीटर काळी. खोलीचे तापमान चौतीस अंश. पंखा बंद.

लुंबिनीने हे वहीत लिहिले आणि वर तारीख टाकली.

“किती भरली?” आत्याने बाजेवरून विचारले.

“तेवीस.”

“परवा चोवीस होती. एक गळलं.”

कुंडीतला हा जपानी मेपल लुंबिनीच्या वडिलांनी शोभेसाठी बेंगळुरूहून आणला होता. आत्याने, म्हणजे सरजाबाईने, तो उचलून आपल्या उशाशी ठेवला. सात टोकांची पाने, दोऱ्यासारखे बारीक देठ. जवळ कुणी बोलले तरी हलणारी. बाज दाराला लागून होती आणि बाजेखाली चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या.

लुंबिनी नांदेडला वनस्पतिशास्त्र शिकली होती आणि दोन दिवसांसाठी लातूरला घरी आली होती. तिने कात्री स्पिरिटने पुसली.

“आत्या, ही फांदी मेलीय. काळं खाली उतरायलंय. आज कापली नाही तर खोडात जाईल, मग झाडच राहणार नाही.”

“खालच्या काप. ही राहू दे. हीच आधी हलती.”

“कशानं हलती?”

“मागल्या बुधवारी जिमिनीतून आवाज आला का न्हाई? त्याच्या आधी हिनं सांगितलं मला. मी दारात जाऊन हुबी राहिले, मग आवाज.”

“त्याच वेळेला शेजारच्या ईश्वरप्पांकडं पाण्याचा टँकर येतो.”

आत्या हसली. “शिकलीस लई, आन टँकर मला दाखवायलीस. टँकर आला की खालची पानं हलत्यात. मांजर गेली की एका अंगाची. पंखा लावला की सगळंच नाचतं, म्हणून लावत न्हाई. आन ते आलं की फकस्त वरची. सगळी. एकदम.”

लुंबिनीने हेही लिहून घेतले.

“त्र्याण्णवच्या भूकंपाला घरात नुसता दगुड होता,” आत्या कात्रीकडे बघत म्हणाली. “हलून सांगणारं काही न्हवतं.”

लुंबिनीने फांदीवर तिरका काप घेतला. आत तपकिरी. एक सेंटिमीटर खाली दुसरा, अर्धा तपकिरी. तिसरा काप खोडाजवळ घ्यावा लागला. तिथे आत ओलसर हिरवे होते. नऊ पानांसकट फांदी फरशीवर पडली. आत्याने बाजेची कड दोन्ही हातांनी धरली होती. खालची तीन करपलेली पानेही लुंबिनीने काढली. राहिली अकरा.

“आता वरची कोणती?” आत्याने विचारले.

“ही. हिच्यावर पाच पानं आहेत.”

आत्या उठली, कुंडीपासून हातभर लांब उभी राहिली आणि हळूच फुंकर मारली. पाचही हलली. ती बराच वेळ त्या फांदीकडे बघत राहिली.

“नवी हाय. माझी वळख न्हाई अजून हिची.” मग म्हणाली, “तू बसतीस का माय हिच्याजवळ? बुधवारपासनं डोळा लागला न्हाई.”

“बसते. तू झोप.”

“पंखा लावू नको.”

“नाही लावत.”

“हललं तर आधी मला उठवायचं. वहीत मागून लिही.”

“बरं.”

आत्या दाराकडे पाय करून आडवी झाली. चार मिनिटांत तिचा श्वास जड झाला. लुंबिनीने खिडकी लावली, कडी घातली, दार ओढून घेतले आणि कुंडीसमोर मांडी घालून बसली. वर उन्हाने पत्रे टकटक वाजत होते. मानेवरून घाम उतरत होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी गल्लीत टँकर आला. तिने पानांकडे पाहिले. खालची दोन हलली. वरची पाच स्थिर होती.

तिने ते लिहिले आणि लिहिलेले पुन्हा वाचले. मघाशी आत्याच्या तोंडून ऐकताना तिला हसू आले होते. आता आले नाही.

तीन पंचवीसला मांजर पत्र्यावरून उडी मारून गेले. कुंडीच्या डाव्या अंगाची तीन पाने हलली. तेही तिने लिहिले.

टँकर रिकामा होऊन निघून गेला. गल्लीत कुणी नव्हते. लुंबिनीने पंख्याच्या बटणाकडे पाहिले. ते बंदच होते. पाती स्थिर होती. खिडकीची कडी जागेवर होती.

तीन एकेचाळीसला वरच्या फांदीवरचे एक पान हलले. मग शेजारचे. मग तिसरे. खालची सहा पाने स्थिर होती.

आपला श्वास लागत असेल, असे तिला वाटले. ती मागे सरकली, भिंतीला टेकली. पेन खाली ठेवले. एक हात लांब करून आत्याच्या पायावर ठेवला. पाय गरम होता, झोपेत सैल पडलेला. दुसऱ्या हाताने स्वतःचे नाक-तोंड दाबून धरले आणि तिने वरच्या फांदीवरची हलणारी पाने पुन्हा मोजली.

पाच.