बुटांवरची माती

नवऱ्याच्या बुटांना चिकटलेली लाल माती चाटायचा मोह शलाकाला आज पुन्हा आवरेना. मंगळावरची माती विषारी, त्यात तिला सातवा महिना. सासूबाईंना कळलं तर? शेवटी धीर करून ती स्वयंपाकयंत्राशी कुजबुजली, "मातीसारखं काही करून देशील?"

यंत्र जरा घुमलं. "भाजकी की कच्ची?"

शलाका चपापली. हे असलं याच्याकडे आणखी कोणी मागितलं?

"भाजकीच घे," मागून सासूबाई म्हणाल्या. "अंगात रक्त कमी पडलं की होतं असं, लाजतेस काय? लोह घालून करतं ते. तुझा नवरा पोटात होता, तेव्हा मीच शिकवलं यंत्राला."

शलाकाला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आणि सांगतेच आहेस, तर दोन बश्या सांग."