कोपऱ्यातली अक्षरं

वाचकांसमोर चित्र काढून दाखवताना व्यंगचित्रकार चांगलाच रंगात आला होता. आधी पेन्सिलीनं एका मंत्र्याचं कच्चं चित्र, मग त्यावर शाई. टाळ्या पडल्या, तसं हुरळून त्यानं स्वतःच खोडरबर फिरवला, आणि मंत्र्याचं नाक गालभर पसरलं. "अहो, शाई वाळू तरी द्या!" मागच्या रांगेतून बायको ओरडली. सभागृहात हशा पिकला. "तीस वर्षं हे काम हिचंच," तो म्हणाला. "माझ्या पेन्सिलीच्या रेघा ही खोडते, म्हणून तुम्हाला चित्र स्वच्छ दिसतं. ये गं वर!" पुटपुटत ती वर आली. शाई वाळल्याची खात्री करून भराभर रेघा खोडू लागली. चित्राच्या कोपऱ्यात तो रोज पेन्सिलीनं 'तुझ्यामुळे' लिहायचा आणि छपाईआधी ती ते खोडायची. आजही तिनं सवयीनं तिथं रबर घासला. पुन्हा घासला. अक्षरं काही जाईनात. आज त्यानं ती शाईनं लिहिली होती.