सातव्या पानावरची दुरुस्ती

बाईंनी हात वर केला आणि इतिवृत्तलेखकाच्या तोंडचे पाणी पळाले.

सभा नुकतीच सुरू झाली होती. महापौरांनी पहिला विषय पुकारला होता : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. नगरसेवक अजून खुर्च्या सरकवीत होते, एकमेकांच्या गुडघ्यांची आणि रक्तदाबाची चौकशी करीत होते. गेल्या महिन्यात आपण काय ठरवले, हे वाचण्याची हौस त्यांच्यापैकी कोणालाच नव्हती. पण महापालिकेच्या नियमांत एक जुने कलम होते. इतिवृत्त कायम होण्यापूर्वी कोणाही नागरिकाला वरच्या प्रेक्षक-सज्जातून उठून त्यातली चूक दाखवता येत असे. साऱ्या शहरात ते कलम वापरणारी ही एकच बाई होती.

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. सभेच्या आधी तीन दिवस सूचनाफलकाशेजारी ठेवलेली प्रत त्या उभ्याने वाचीत, वहीत टिपणे काढीत आणि सभेच्या दिवशी सज्जातल्या पहिल्या बाकावर येऊन बसत. नगरसेवकांनी त्यांचे नाव 'लाल शाई' ठेवले होते. नऊ वर्षांत त्यांच्या नजरेतून एक तारीख सुटली नव्हती, मतांचा एक आकडा सुटला नव्हता.

इतिवृत्तलेखकाला हे सारे ठाऊक होते. तरीही त्याने ते केले होते.

गेल्या सभेत तीस ते बेचाळीस क्रमांकांचे विषय एका दमात उरकले गेले. वाचणारा वाचीत राहिला आणि बाके मंजूर, मंजूर म्हणत राहिली. त्यातला सदतिसावा विषय एका रस्त्याच्या रुंदीकरणाचा होता. रस्त्याच्या एका बाजूची अकरा घरे पडायची होती, आणि त्यांतले चौथे घर त्याच्या ताईचे होते. आई गेल्यावर ताईने त्याच घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवून त्याला वाढवले होते. मशीनच्या त्या एकसुरी आवाजात तो पाढे शिकला होता, आणि बहुधा गप्प राहणेही.

त्याने बातमी सांगितली तेव्हा ताई एका बाहीला टाचण्या लावीत होती.

"तू तिथंच बसलेला असतोस ना रे? एक शब्द तोंडातून काढवत नाही तुला?"

"मला बोलायचा अधिकार नाही, ताई. मी फक्त लिहितो."

"मग लिही," ती म्हणाली आणि पुन्हा बाहीकडे वळली.

ती वैतागून बोलली होती. त्याने मात्र दोन दिवस ते शब्द मनात घोळवले, आणि तिसऱ्या दिवशी सातव्या पानावर, सदतिसाव्या विषयापुढे, 'मंजूर' ऐवजी 'स्थगित' असे लिहिले. बांधकाम खाते इतिवृत्ताच्या प्रतीवरूनच कामाला लागत असे, आणि एकदा स्थगित झालेला विषय या शहरात वर्षानुवर्षे कोणी जागा करीत नसे. इतिवृत्त कायम झाले की सभागृहात काय घडले होते याला काही अर्थ उरत नसे. कागदावर असेल तेच घडलेले असे. वाटेत उभी होती ती फक्त लाल शाई.

"बोला बाई," महापौर म्हणाले. "या खेपेला पास की नापास?"

"काठावर," बाई म्हणाल्या. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. "दुसरं पान. पाणीपुरवठ्याचं पत्र नऊ तारखेचं आहे, सहा नव्हे."

त्याने दुरुस्ती लिहून घेतली.

"पाचवं पान. बाजूनं अठरा मतं लिहिली आहेत. सतराच होती. एक सदस्य तेव्हा बाहेर फोनवर बोलत होते."

"बाई, तुम्ही माझ्या बायकोला भेटू नका म्हणजे झालं," तो सदस्य म्हणाला, आणि सभागृह मोकळेपणाने हसले.

बाईंनी वहीचे पान उलटले. त्यावर अंगठा ठेवून त्या उभ्याच राहिल्या. खालून त्याला त्यांच्या चष्म्याच्या काचा तेवढ्या दिसत होत्या. त्यांत सभागृहातले दिवे होते, डोळे नव्हते. ताईच्या घराचे दार, खिडकी, मशीनखालची झिजलेली फरशी, सारे जणू त्या अंगठ्याखाली होते. आणि त्याची नोकरीही.

"आणखी काही?" महापौरांनी घड्याळाकडे पाहत विचारले.

"नाही," बाई म्हणाल्या. "एवढंच."

दोन दुरुस्त्यांसह इतिवृत्त कायम झाले. त्याला हायसे वाटायला हवे होते. उलट सभाभर त्याची नजर पुन्हा पुन्हा सज्जाकडे जात राहिली. बाई थकल्या असाव्यात, त्याने स्वतःला समजावले. वय झाले, नजर अधू झाली. ज्या नजरेला तो आजवर भीत आला होता, तिची त्याला कीव येऊ लागली.

सभा संपल्यावर त्याने त्यांना जिन्यात गाठले. कठडा धरून त्या एकेक पायरी उतरत होत्या. त्याने आधारासाठी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

"सातवं पान मी तीनदा वाचलं," त्या म्हणाल्या. "मागच्या सभेला मी वरच बसले होते. तो विषय मंजूर झाला होता."

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. "बाई, तिथं माझी ताई..."

"तुमचं कारण मला सांगू नका. माझंच मला जड झालंय." त्या एक पायरी उतरल्या आणि थांबल्या. "त्या रांगेतलं दहावं घर माझं आहे."

वरून शिपाई सभागृहाच्या खिडक्या लावीत असल्याचा आवाज येत होता.

"पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही," बाई म्हणाल्या. "कोणत्या तोंडानं उभी राहू?"

"आणि इतिवृत्त?" त्याने विचारले.

"ते आता कोणी वाचणार नाही."