तिसरी सून

देवानंदच्या दोन्ही बायका दवाखान्याचं तोंड न पाहता गेल्या. पुन्हा लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी अट घातली: आधी रुईच्या झाडाशी लग्न लावा, तिसरी बायको म्हणून ते झाड मरू द्या, मग आमची मुलगी चौथी म्हणून सुखानं नांदेल.

शेताच्या बांधावरची, धुऱ्यावरची रुई जांभळ्या फुलांवर होती. देवानंदनं तिला हळद लावली, माळ घातली आणि लगेच कुऱ्हाडीनं बुडातून तोडली.

"हेच बायको बरी होती," हात पुसत तो आईला म्हणाला. "ना पाणी मांगे, ना दवाखाना."

"त्या दोघीनं मांगतला होता," दुर्गाबाई म्हणाली. पोटच्या पोराची तिला शिसारी आली.

रुईला कधी कोणी पाणी घालत नाही. दुर्गाबाई मात्र त्या खुंटाला रोज तांब्याभर घालू लागली. महिन्याभरात हिरवेगार कोंब वर आले.

लग्नाच्या आधी होणारी विहीण शेत पाहायला आली. दुर्गाबाईनं तिला थेट धुऱ्यावर नेलं.

"पाहा विहीनबाई, माही तिसरी सून अजून जित्ती हाय. तुमची पोरगी घरीच ठेवा."