श्रियाने दाबलेलं बटण

माझ्या कथा माझ्या मुलीने कधी वाचल्याच नाहीत. श्रिया हिंदी शाळेत शिकली, मराठी तिला वाचता येत नाही. मग देवासच्या कुशलने, माझ्या मित्राने, त्याच कथा एआयमध्ये घालून चित्रांचा खेळ बनवला. पुढे काय व्हावं ते बघणाऱ्याने बटण दाबून ठरवायचं.

वीस वर्षं मी लिहिण्यात घासली आणि फोनवर आलेला खेळ बघून दोन दिवसांत पोरगी कुशलची भक्त झाली. जळलो मी. खोटं कशाला बोलू?

रविवारी दुपारी कुशल नवा खेळ घेऊन धारला, आमच्या घरी पहिल्यांदाच आला. श्रिया लॅपटॉपसमोर बसली.

पहिल्याच चित्रात आमची खोली होती. पलंगावर आमचीच, बाग गावच्या छाप्याची चादर. खिडकीबाहेर एक माणूस उभा होता.

"हा कोण रे?" मी कुशलला विचारलं.

"काय माहीत भिया," तो इकडच्या पद्धतीने मला भाऊ म्हणत बोलला, "मी तर टाकलाच नाही. मिटवला तरी परत येतो."

पुढच्या चित्रात तो काचेला चिकटला होता. अंगात माझा शर्ट. खाली दोन बटणं आली: 'आत घ्या', 'बाहेरच ठेवा'.

"आत घे गं," मी घाईने म्हणालो.

"नहीं बाबा, बोर आहे तो!" श्रियाने हसत दुसरं बटण दाबलं.

चित्रातली खिडकी लागली.

श्रिया माझ्याकडे न बघता कुशलकडे वळली आणि त्यालाच म्हणाली, "बाबा, पुढचं दाखवा ना."

चुकून त्याला बाबा म्हणाली, आता तो थट्टा करेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं.

"दाखवतो बेटा," कुशल म्हणाला, रोज म्हणत असावा तसा.