बुटकी चौकट

बुवा वाकले. भर मैदानात, लख्ख उन्हात, डोक्यावर आभाळाशिवाय काही नसताना ते चांगले कमरेतून वाकले, एक पाऊल उचलून पुढे टाकलं आणि मग सरळ झाले.

यंत्राच्या केबिनमध्ये बसलेल्या मशीनवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याची पाठ धरली. पण बुवांच्या मागून येणारी शिक्षिकाही वाकली. तिच्या मागचा न्हावी वाकला. मुळात इतरांच्या जेमतेम खांद्याएवढा असलेला शिंपी, तोसुद्धा वाकला. चपला सगळ्यांनी अलीकडेच एका ओळीत काढून ठेवल्या होत्या.

मशीनवाल्याचा हात आपसूक कपाळाकडे गेला. तिथलं टेंगूळ अजून ठणकत होतं. काल या जागी घर होतं. घर पाडण्याआधी हाक द्यायची, "आत कुणी आहे का?" आणि उत्तर आलं तर यंत्राला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. काल हाक द्यायला आत शिरताना तिथल्या बुटक्या चौकटीने त्याला असा प्रसाद दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. घरातली आजी गाठोडी बांधत होती. तेवढ्यातही ती कळवळली, "अरे बाबा, डोकं सांभाळायचं ना!" मग गाठोडी उचलून ती बाहेर पडली. संध्याकाळपर्यंत घरांची आख्खी ओळ भुईसपाट झाली. जमीन कसल्याशा मोठ्या कामाला हवी होती. कसल्या, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

आज माती सारखी करून कुंपण घालायचं होतं. कुंपण पडलं की विषय संपला. मग या माणसांना इथे पाऊलही टाकता येणार नव्हतं.

आणि आजी सकाळपासून आपल्या नसलेल्या घरात बसून होती. शेजारीही आपापल्या जागी. बुवा आणि त्यांच्या प्रार्थनाघराची मंडळी त्यांच्या सोबतीला आली होती. त्यांचं आपसात ठरलं होतं, कुणाला ढकलायचं नाही, कुणाला वाईट बोलायचं नाही, घोषणासुद्धा द्यायच्या नाहीत. फक्त पाहुणे म्हणून जायचं.

"या, या," आजी म्हणत होती. "अहो बाई, तिथे नका बसू, ते न्हाणीघर!"

शिक्षिका चटका बसल्यासारखी उठली.

"बुवा, तुम्ही खिडकीशी बसा. वारा येतो."

"वाऱ्याला आज कुणी अडवलंय, आजी?" न्हावी म्हणाला. सगळे हसले. आजी सगळ्यांत मोठ्याने.

मग बुवांनी मांडीवर ताल धरला. त्यांचं प्रवचन म्हणजे अर्धं बोलणं, अर्धं गाणं. बोलता बोलता शब्द सुरावर कधी चढे, ते ऐकणाऱ्याला कळतच नसे.

"दार लाकडाचं नसतं, माय," त्यांनी सूर लावला, "दार असतं 'या' म्हणण्याचं!"

मंडळींनी ओळ उचलली. ती केबिनच्या पत्र्यात येऊन घुमली. मशीनवाला काचेतून बघत राहिला.

"तमाशा काय बघतोस?" खालून साहेब ओरडले. या कामाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. "चालू कर. यंत्र अंगावर आलं की उठतील आपोआप."

सकाळी घरून निघताना बायकोने बजावलं होतं, "साहेबांपुढे तोंड उघडू नकोस. मागच्या वेळी उघडलंस आणि घरी बसलास, ते पुरे." त्याने किल्ली फिरवली. यंत्र धडधडलं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, त्याला कळायच्या आतच, हाक निघून गेली.

"आत कुणी आहे का?"

गाणं थांबलं.

"आहोत!" आजीच्या घरातून उत्तर आलं.

"आहोत!" शेजारच्या घरातून. मग पलीकडच्या, मग त्याच्याही पलीकडच्या. उत्तर पुढे पुढे सरकत गेलं आणि जिथे जिथे पोचलं, तिथे तिथे काल आपल्याच हाताने पाडलेलं घर त्याला उभं दिसू लागलं.

त्याने यंत्र बंद केलं. खाली उतरला.

"साहेब, आत माणसं आहेत."

"आत? कशाच्या आत? डोकं फिरलं का तुझं? मोकळं रान आहे ते!"

"आत माणसं असली की मी यंत्र चालवत नाही," तो म्हणाला आणि किल्ली त्याने साहेबांच्या हातात ठेवली.

चपलांच्या ओळीला त्याने आपले मातीने भरलेले बूट लावले. वाकला आणि आत गेला.

आजीने त्याच्या कपाळाकडे निरखून पाहिलं. "आज नाही लागलं. शहाणा झालास हो."

साहेब संतापाने लाल झाले. "एकेकाला दंडाला धरून उचलतो!" म्हणत ते तरातरा निघाले. कुणी उठलं नाही. कुणी हात उगारला नाही. बुवांनी तेवढं बाजूला सरकून जागा केली.

चपलांच्या ओळीपाशी साहेब क्षणभर थबकले.

"या ना, साहेब," आजी म्हणाली. "फक्त जरा डोकं..."

तिचं बोलणं पुरं होण्याआधीच साहेब वाकले होते, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांनी डाव्या हाताने चौकट धरली होती.