कंसातला हशा

"सभागृह काय तुझ्या बापाची जहागीर आहे?" पिकल्या केसांचे आमदार सरनोबत कडाडले. "खाली बस, चोरा!" समोरच्या बाकावरून तितकेच म्हातारे मोहिते ओरडले. दोघांच्या मधोमध, आपल्या टेबलाशी लघुलेखिका हेमलताबाईंची पेन्सिल निमूट धावत होती. दर दहा मिनिटांनी पाळी बदलायला दुसरी लेखिका यायची. आज ती दहा मिनिटं सरतच नव्हती.

दुपारचं ऊन उंच काचांतून उतरून कागदावर तरंगायला लागलं. आवाज लांब लांब गेले, विहिरीच्या तळातून आल्यासारखे झाले. आणि बाईंना तेच दोघे दिसले, तीस वर्षांपूर्वीचे, काळ्याभोर केसांचे. "अध्यक्ष महोदय," मोहिते म्हणत होते, "सन्माननीय सदस्यांनी माझे इतके दोष सांगितले, की बायको म्हणाली, यातले चार मलाही ठाऊक नव्हते!" सगळं सभागृह खळखळलं. सरनोबत तर हसून हसून डोळे पुसत होते.

संध्याकाळी बाईंनी इतिवृत्त टाईप करून रिवाजाप्रमाणे दोघांकडे तपासायला धाडलं. मग बाईंच्या ध्यानात आलं. 'चोरा'नंतर कंसात 'गोंधळ' हवं होतं आणि त्यांनी लिहिलं होतं 'हशा'. एवढ्या नोकरीत अशी चूक कधी झाली नव्हती.

सकाळी दोन्ही प्रती परत आल्या. सरनोबतांनी 'बापाची जहागीर' लाल शाईनं खोडली होती, मोहित्यांनी 'चोरा'.

कंसातला हशा मात्र दोघांनीही तसाच ठेवला होता.